टेबलामागचा पीळ

पेनाचं टोपण घरंगळत टेबलामागे गेलं, म्हणून टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढलं आणि टोपणाचा विचार तिथेच संपला. मागे वायरींचं घरटं होतं. लॅपटॉपची वायर, मॉनिटरची, राउटरची, दोन वर्षं बंद पडलेल्या प्रिंटरची, मोबाइलच्या चार चार्जरच्या. शिवाय एक वायर अशी, की जिची दोन्ही टोकं सापडली, पण ती कशाची हे घरात कोणालाच सांगता येईना. अलिबागच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना यावर एक थर फुकट मिळतो: खाऱ्या हवेचा चिकटा आणि त्यात रुतलेली धूळ. एक पाल माझ्याकडे बघत निवांत एक्स्टेन्शन बोर्डामागे निघून गेली.

यातली एकही गाठ मी मारली नव्हती. घरातल्या कोणीच मारली नव्हती. मग मारली कोणी?

प्रश्न थट्टेचा वाटतो ना? पण तो एका शास्त्रीय प्रयोगाचा विषय होता. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो इथल्या विद्यापीठात डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ या दोघांनी एका पेटीत दोरी टाकली, पेटी सेकंदाला एक याप्रमाणे दहा वेळा गरगर फिरवली आणि उघडून पाहिलं. मग पुन्हा. मग पुन्हा. असं ३,४१५ वेळा! २००७ साली त्यांनी निष्कर्ष छापला आणि पुढच्याच वर्षी त्यांना इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला ते दिलं जातं.

त्यांना काय दिसलं? दोरी ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड असेल तर एकही गाठ पडत नाही. लांबी वाढवत न्या, गाठ पडण्याची शक्यता वाढत जाते आणि जवळपास निम्म्यावर येऊन थांबते. गाठी पडायला तास लागत नाहीत, काही सेकंद पुरतात. आणि गाठी तरी किती तऱ्हेच्या? गणिती ज्यांना वेगवेगळ्या मानतात अशा १२० जाती निघाल्या. नुसत्या हलवण्यातून! खिशातल्या इयरफोनवर आजवर घेतलेले सगळे संशय मागे घ्यायला हरकत नाही.

हे घडतं कसं, तेही त्यांनी शोधलं. पेटीत पडलेली दोरी वेटोळी करून बसते, वेटोळ्यांचे पदर एकमेकांना समांतर राहतात. हलवलं की दोरीचं मोकळं टोक या पदरांवर पडतं. कधी वरून जातं, कधी खालून. वर, खाली, पुन्हा वर. हे कुठे पाहिलंय? वेणी घालताना! दोरी स्वतःचीच वेणी घालते, फक्त आंधळेपणानं. त्यातल्या बऱ्याच चाली मिळून एक पक्की गाठ होते.

म्हणजे गुन्हेगार सापडला: मोकळं टोक. आता मजा पाहा. दोन्ही बाजूंनी खोचलेल्या वायरीला खरी गाठ बसूच शकत नाही, कारण ओवायला टोकच शिल्लक नसतं. फार तर ती शेजारणीत अडकेल. मग माझ्या टेबलामागे गाठी आल्या कुठून? रंगकामाच्या वेळी सगळ्या वायरी उपसून एका पिशवीत कोंबल्या होत्या. गाठी तिथे पडल्या. मग मी टोकं पुन्हा खोचली आणि प्रत्येक गाठीला जणू कुलूप घातलं. दोन टोकं एकमेकांना रबरबँडनं बांधून वायर पिशवीत टाकली असती, तर निम्मं संकट टळलं असतं.

हे शास्त्रज्ञांना पेटी फिरवून कळलं. आमच्याकडच्या कोळ्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बंदरावर उभ्या असलेल्या होडीत कधी डोकावून बघा. कित्येक वावांचा दोर गोल चकतीसारखा लावून ठेवलेला असतो, आणि समुद्रात सोडताना तो सरसर सुटत जातो, कुठे अडत नाही. माझी दोन मीटरची चार्जरची वायर मात्र दर वेळी अडते. असं का?

एक कागदी रिबीन घ्या आणि बोटाभोवती पाच वेढे द्या. आता बोट काढून घ्या आणि रिबिनीची दोन टोकं धरून ताणा. वेढे गेले, पण रिबिनीत पाच पीळ आले! वेढा नाहीसा होत नाही, त्याचा पीळ होतो. पीळ दाबला की पुन्हा वेढा उभा राहतो. म्हणजे एकाच वस्तूची ही दोन रूपं, पाणी आणि बर्फ असावीत तशी. कोपर आणि अंगठा यांच्याभोवती आपण वायर गुंडाळतो, ही आपली सगळ्यांची लाडकी पद्धत, तेव्हा प्रत्येक फेऱ्यागणिक तिच्यात एक पीळ भरत असतो. वायर तो पीळ लक्षात ठेवते. सोडली की कुरळी होते, स्वतःवर चढते, गुंतते.

दोर मुळात पिळाचाच असतो, म्हणून जाणता माणूस तो त्याच्या पिळाच्या कलानंच गोल लावतो. वायरीला असा बाहेरून दिसणारा कल नसतो. तिच्यासाठी युक्ती शिकायची तर गणपतीच्या मांडवात साउंडवाल्या मुलांचे हात पाहावेत. एक वेढा सरळ, दुसरा मनगट वळवून उलटा. एक सरळ, एक उलटा. पहिल्यानं भरलेला पीळ दुसरा काढून टाकतो, हिशेब शून्य. मग वायरीचं एक टोक धरून भेंडोळं मांडवाच्या पार फेकलं तरी ती सरळ रेषेत पडते. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती हातचलाखी वाटली होती.

वेढा आणि पीळ यांच्या या अदलाबदलीचं नेमकं गणित विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्कं झालं आणि सगळ्यात उपयोगी पडलं कुठे? आपल्याच शरीरात. तुमच्या एकेका पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए असतो, आणि तो ज्या केंद्रकात मावतो त्याची रुंदी असते मिलिमीटरचा शंभरावा भाग, किंबहुना त्याहून कमी. कल्पना करा त्या टेबलामागची! तिथला गुंता सोडवायला खास विकरं नेमलेली आहेत. ती धागा कापतात, दुसरा धागा फटीतून पलीकडे जाऊ देतात आणि कापलेलं पुन्हा बेमालूम सांधतात. मला हे जमलं असतं तर प्रिंटरची वायर केव्हाच मोकळी झाली असती.

इथवर पीळ हा खलनायक होता. पण राउटरची जुनी, निकामी झालेली लॅनची वायर मी कात्रीनं सोलली आणि गोष्ट उलटी झाली. आत आठ बारीक तारा, रंगीत, जोडीजोडीनं पिळलेल्या. चार जोड्या. नीट पाहिलं तर प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा: एकीचा घट्ट, दुसरीचा सैल. कारखान्यात कोणीतरी पैसे खर्च करून, मुद्दाम पीळ घातलाय. कशासाठी?

त्याचं उत्तर शोधायला माझ्या घरून लांब जावं लागत नाही. अलिबागच्या किनाऱ्यालगत चुंबकीय वेधशाळा आहे. पर्यटक कुलाबा किल्ला बघायला ओहोटीची वाट बघतात आणि बहुतेकांना तिचा पत्ताही नसतो. ही वेधशाळा अलिबागला आली ती एका वायरीच्या भीतीनं!

वायरीतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकत्व तयार होतं, हे १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडनं दाखवलं. एका सरळ तारेतून एक अँपियर वीज जात असेल, तर एक मीटरवर तिचं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दोनशेव्या भागाएवढं भरतं. तुम्हाआम्हाला ते नगण्य. पण मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वातले याहूनही कितीतरी बारीक चढउतार टिपले जात होते. टांगलेल्या चुंबकाची इवलीशी थरथर, वर्षानुवर्षं, अखंड. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेलं जगप्रसिद्ध चुंबकीय वादळ कुलाब्याच्या नोंदींत सापडतं. त्या वादळात युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रांच्या तारांमध्ये आपोआप वीज खेळू लागली होती. काही ठिकाणी बॅटरी काढून ठेवूनही संदेश गेले. तार चुंबकाला हलवते, तसं हलतं चुंबकत्व तारेत वीज जागवतं. दोघांचं नातं दोन्ही बाजूंनी.

आणि मग शतक बदलताना बातमी आली की मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार.

ट्रामची वीज डोक्यावरच्या तारेनं येते आणि पायाखालच्या रुळांतून परत जाते. काही तर रूळ सोडून जमिनीतूनच वाट काढते. जाणारी वीज वर, येणारी खाली किंवा भलतीकडेच. दोघींमध्ये चांगलं मोठं अंतर. म्हणजे शहराएवढा एक प्रचंड वेढा, आणि त्याचं चुंबकत्व दूरवर पसरणार. नाजूक चुंबकापुढे हा म्हणजे देवळात चाललेला डीजे. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस यांनी नवी जागा निवडली: खाडीपलीकडे, सुमारे तीस किलोमीटरवर, ट्राम जिथे कधी येणार नाही असं गाव. अलिबाग.

तिथली इमारत म्हणजे एक कमाल आहे. चुंबकत्व नसलेला दगड पोरबंदरहून निवडून आणला. बिजागऱ्या, कड्या, खिळे तांब्यापितळेचे. लोखंड वर्ज्य. आणि १९०४ साली काम सुरू झाल्यावर कुलाब्याचं लगेच बंद केलं का? नाही. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, १९०६ पर्यंत. कारण दोन दोर जोडताना नुसतं टोकाला टोक लावत नाहीत. पदर उकलून हातभर एकमेकांत ओवतात, तेव्हा सांधा ताण सोसतो. मूस यांनी दोन वेधशाळांची साठ वर्षांची मालिका तशीच सांधली. ७ मे १९०७ ला मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा चुंबक खाडीपलीकडे निवांत टांगलेले होते. आज ही वेधशाळा ज्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे तिचं मुख्यालयही रायगड जिल्ह्यातच, नव्या पनवेलला.

ट्रामचा त्रास फक्त चुंबकांना नव्हता. जगभर टेलिफोनवाल्यांनीही कपाळाला हात लावला होता. सुरुवातीचे टेलिफोन एकाच तारेवर चालत, परतीची वाट जमीन. शेजारून ट्राम गेली की कानात घरघर. त्यांना अलिबागला पळून जाता येणार नव्हतं, कारण टेलिफोन हवा होता तो ट्रामच्याच शहरात. त्यांनी दुसरा मार्ग धरला, ज्याचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्येच घेतलं होतं: परतीसाठी दुसरी तार द्या, आणि दोघींना एकमेकींभोवती पिळा.

यानं काय होतं? दोन मुलं एका होडीत उभी आहेत, एक उंच, एक बुटका. लाट आली की दोघंही वर जातात, दोघंही खाली येतात. पण त्यांच्या उंचीतला फरक बदलतो का? लॅनच्या वायरीत संदेश असतो तो या फरकात. बाहेरची घरघर लाटेसारखी येते आणि दोन्ही तारांना सारखंच उचलते. पलीकडचं यंत्र दोघींची वजाबाकी करतं आणि घरघर गायब! फक्त दोन्ही तारांना ती सारखी मिळायला हवी. एक तार कायम बाहेरच्या बाजूला राहिली तर तिला जास्त मिळेल. म्हणून पीळ. आता ही बाहेर, आता ती बाहेर, आळीपाळीनं. आणि चार जोड्यांचा पीळ वेगवेगळा का, तर सारखा असता तर शेजारच्या जोडीची लय जुळून तीच कुजबुज आत शिरली असती. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही असं आपण हट्टी माणसाला म्हणतो. या वायरीचा तर सगळा जीवच पिळात आहे.

उलट दिशेनंही हाच न्याय. जाणारी वीज आणि येणारी वीज खेटून असल्या की दोघींचं चुंबकत्व विरुद्ध दिशांना पडून जवळपास मिटतं. लॅपटॉपच्या वायरीत जाणारीयेणारी एकाच कातडीखाली आहेत. म्हणजे टेबलामागच्या वायरी डोळ्यांना दिसतात तेवढ्याच. होकायंत्राला त्या जवळजवळ अदृश्य असतात. मी लपवायला निघालो होतो, त्या आधीच एकमेकींत लपून बसलेल्या!

तरी डोळ्यांपासून लपवायच्या होत्याच. तेव्हा जुड्या बांधायला बसलो. जुन्या टेलिफोन केंद्रांत आणि विमानांत वायरींच्या जुड्या मेणाच्या दोऱ्यानं, ठरावीक अंतरावर गाठी मारत बांधत. होडीचा दोर खुंटाला बांधताना देतात तसलीच दुहेरी वेढ्याची गाठ. हात सोलवटून निघत. १९५० च्या दशकात मॉरस लोगन या अमेरिकी अभियंत्यानं विमानाच्या कारखान्यात हे पाहिलं आणि १९५८ मध्ये त्याच्या खटाटोपातून केबल टाय जन्मली, दात असलेली ती पट्टी जी पुढे सरकते पण मागे येत नाही. गंमत म्हणजे मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी गाडीतल्या वायरी अजूनही दोऱ्यानं, गाठी मारूनच बांधलेल्या आहेत. कोळ्याची गाठ मंगळावर!

मी घरासाठी वेल्क्रो निवडला. आघाड्याच्या झुडपातून गेल्यावर कपड्यांना फळं चिकटतात, तशीच चिकटणारी फळं १९४१ मध्ये जॉर्ज द मेस्त्राल या स्विस गृहस्थानं आपल्या कुत्र्याच्या केसांतून काढली. सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर टोकांना बारीक आकडे! त्यातून वेल्क्रो. केबल टाय कापावी लागते, हा उघडतो आणि पुन्हा लागतो. आणि घरातली वायर कधी ना कधी बदलतेच. शिवाय टाय करकचून ओढली की लॅनच्या आतला तो मोलाचा पीळ चेपतो.

एका बाबतीत मात्र हौस आवरली. उरलेली वायर सुबक गुंडाळून डब्यात बंद करायची, हे दिसतं छान. लॅपटॉपपुरतं ठीक आहे, तो घेतो जेमतेम पाव अँपियर. पण त्याच एक्स्टेन्शनवर इस्त्री किंवा पाण्याचा हीटर लावलात तर आठ-दहा अँपियर. वीज वाढते त्याच्या वर्गानं उष्णता वाढते: तीसपट वीज, नऊशेपट उष्णता. वेटोळ्यात आतल्या पदराला ती टाकायला जागाच नाही. प्लास्टिक मऊ होतं आणि पुढचं सांगायला नको. म्हणून गुंडाळून विकल्या जाणाऱ्या चांगल्या एक्स्टेन्शनवर दोन आकडे छापलेले असतात, गुंडाळलेली असताना किती आणि सोडलेली असताना किती.

आणि एक वायर मुद्दाम सैल ठेवली. ब्रॉडबँडची, जी भिंतीतल्या भोकातून घरात येते. आमच्याकडच्या वायरमननं ती भोकाच्या खाली वीतभर झोळीसारखी सोडून मग वर आत घेतली होती. मला ते गबाळं वाटायचं. पाऊस पडला तेव्हा कळलं. पाणी वायरीवरून ओघळत येतं, झोळीच्या तळाशी थांबतं आणि पागोळीसारखं खाली टपकतं. वर चढून ते भोकात शिरू शकत नाही. एवढ्याशा सैल वळणात गुरुत्वाकर्षणाचा पूर्ण उपयोग!

या किनाऱ्यावर वायरी लपवण्याचं मोठं कामही झालंय. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ इथेच किनाऱ्यावर आलं. नेमके घरून काम करायचे दिवस, आणि खांब आडवे, तारा झाडांत. राष्ट्रीय चक्रीवादळ धोके निवारण प्रकल्पातून अलिबागेत भूमिगत वीजवाहिन्या टाकल्या गेल्या. खांबावरची तार बहुधा उघडीच असते, तिच्यातली वीज बाहेर जाऊ न देणारं आवरण म्हणजे हवा, तीही फुकटची. तीच तार जमिनीत नेली की ते काम करायला प्लास्टिकचा जाड थर हवा. झाकायचा खर्च मोठा असतो तो यामुळे.

शेवटी ब्रॉडबँडची ती वायर पुसायला घेतली, तेव्हा लक्षात आलं की ही एकटीच आहे. जोडी नाही, पीळ नाही. आत काचेचा एक धागा, केसाएवढा, आणि प्रकाश ज्यातून धावतो तो त्याचा गाभा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. त्यातून वीज जात नाही, त्यामुळे ट्राम शेजारून गेली काय आणि वीज कडाडली काय, तिला ऐकूच येत नाही. फक्त तिला काटकोनात मोडू नये, वळणावर प्रकाश बाहेर सांडतो.

सगळं बांधून झाल्यावर कपाटातलं जुनं होकायंत्र काढलं आणि लॅपटॉपला जाणाऱ्या बारीक वायरीशेजारी ठेवलं. आतून तीन अँपियरच्या आसपास वीज जात होती. यातली एकच तार पाच सेंटिमीटरवर सुटी असती, तर काटा पंधरा अंशांहून जास्त सरकला असता. बटण चालू केलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं. काटा उत्तरेकडे बघत राहिला. टोपण अजून सापडलेलं नाही.